उसनं आवरण

गोवर, डेंग्यू, रेबीज, इन्फ्लूएन्झा, एड्स, कोविड, माकडताप ही नावं सहसा कुणी एका दमात घेत नाही. गोवर म्हटलं की लहान मुलांचे डॉक्टर आठवतात, डेंग्यू म्हटलं की महापालिकेची धूरफवारणी, रेबीज म्हटलं की भटक्या कुत्र्यांवरून होणारे वाद. एक आजार श्वासातून येतो, एक डासाच्या सोंडेतून, एक चाव्यातून, एक रक्तातून. वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांतही त्यांची प्रकरणं एकमेकांपासून दूर असतात. या पुस्तकात मी त्यांना शेजारी बसवलं आहे, कारण हे आजार घडवणाऱ्या विषाणूंची घडण दोन बाबतींत सारखी आहे. त्यांचा सगळा जनुकीय मजकूर आरएनए या रेणूत साठवलेला असतो आणि त्यांच्या अंगावर मेदाचं एक पातळ आवरण असतं. या दोन गोष्टी नीट समजल्या की विषाणू कोणत्या वाटेने येईल, कुठे तग धरेल, कुठे मरेल, त्याच्यावरची लस जन्मभर पुरेल की वर्षभरात जुनी होईल, याचा बराच उलगडा होतो. उद्या एखाद्या अनोळखी तापाचं नाव बातम्यांत आलं, तर वाचकाने आधी त्या विषाणूची घडण विचारावी, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप आहे.

आधी आवरणाविषयी. विषाणूला स्वतःचं मेद तयार करता येत नाही, त्याच्यापाशी तशी यंत्रणाच नसते. तो आपल्या पेशीत शिरतो, तिच्याकडून स्वतःच्या प्रती करवून घेतो आणि निघताना पेशीच्याच पटलाचा एक तुकडा अंगाभोवती ओढून घेतो. इन्फ्लूएन्झा, गोवर आणि एचआयव्ही पेशीच्या बाहेरच्या पटलातून निघतात. डेंग्यू आणि करोना पेशीच्या आतल्या पटलांवर तयार होतात. या पटलात विषाणूने आपली प्रथिनं आधीच रोवून ठेवलेली असतात. म्हणजे बाहेर पडलेल्या कणाचं मेद रुग्णाचं, त्यातलं कोलेस्टेरॉलही रुग्णाचंच, आणि त्यातून वर डोकावणारी प्रथिनं तेवढी विषाणूची. त्या प्रथिनांवर चढलेल्या साखरेच्या साखळ्यासुद्धा आपल्याच पेशीने जोडलेल्या असतात. एचआयव्हीने तर ही युक्ती टोकाला नेली आहे. त्याच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाचं जवळपास निम्मं वजन साखरेचं असतं. आपल्या प्रतिकारयंत्रणेला परकं म्हणून ओळखता येईल अशी जागा त्यावर फार थोडी उरते.

हीच प्रथिनं पुढच्या पेशीचं दार शोधतात. करोनाचं काटेरी प्रथिन एसीई-२ नावाच्या रेणूला चिकटतं, एचआयव्हीचं सीडी-४ ला, इन्फ्लूएन्झाचं पेशीवरच्या सायलिक आम्लाला. पण चिकटल्याने काम भागत नाही. विषाणूचं पटल आणि पेशीचं पटल एकजीव झाल्याशिवाय आतला आरएनए पेशीत उतरू शकत नाही, आणि दोन मेदपटलं आपणहून एकमेकांत मिसळत नाहीत. त्यासाठी लागणारी शक्ती या प्रथिनांत आधीपासून भरलेली असते. उंदरासाठी चाप ताणून ठेवावा तशी. इन्फ्लूएन्झाच्या बाबतीत पेशी विषाणूला एका पिशवीत घालून आत घेते, ती पिशवी हळूहळू आम्लधर्मी होते आणि त्या आम्लाच्या स्पर्शाने प्रथिन झटक्यात आकार बदलतं. त्या झटक्याने दोन्ही पटलं जवळ खेचली जातात आणि मिसळतात. हा बदल एकदाच होतो. आकार बदललेलं प्रथिन परत मूळ रूपात येत नाही. लसींच्या संदर्भात ही गोष्ट किती मोलाची ठरली ते पुढे येईलच.

आवरणाची ही सोय विषाणूला महागही पडते. २०२० साली घराघरात साबणाने हात धुण्याचा आग्रह झाला, पण त्यामागचं कारण फार थोड्यांनी समजावून सांगितलं. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढलं जातं, दुसरं मेदाकडे. हे दुसरं टोक विषाणूच्या आवरणात घुसलं की आवरण फाटतं, प्रथिनं सुटी होतात, आरएनए उघडा पडतो. अल्कोहोलही आवरण मोडतं. पोलिओ, अ आणि ई प्रकारची कावीळ, नोरोविषाणू, रोटाविषाणू यांना मात्र असं आवरण नसतं. त्यांच्याभोवती असतं ते प्रथिनांचं घट्ट कवच. म्हणून नोरोविषाणूवर सॅनिटायझरचा फारसा परिणाम होत नाही, तिथे हात वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावेच लागतात.

आता हाच विचार पोटापर्यंत न्यावा. जठरातलं आम्ल आणि त्यापुढचा पित्तरस यांतून जिवंत जायचं तर अंगावर मेदाचं आवरण असून चालत नाही, कारण पित्तरस मेदाचं नेमकं तेच करतो जे साबण करतो. त्यामुळे दूषित पाण्यातून पसरणारे बहुतेक विषाणू आवरण नसलेले असतात. आवरण असलेल्यांना दुसऱ्या वाटा शोधाव्या लागल्या: श्वासातले तुषार, रक्त, लाळ, शरीरसंबंध, आईकडून बाळाकडे, आणि डास, गोचीड, वालुमाशी यांची सोंड. कीटकाची वाट तर त्यांच्या फारच सोयीची. एका रक्तातून थेट दुसऱ्या रक्तात जाताना कोरड्या हवेशी गाठच पडत नाही. गावाला शुद्ध पाणी मिळालं की कावीळ आणि पोलिओ मागे हटतात. डेंग्यू त्याने हटत नाही, उलट टंचाईमुळे घरात भरून ठेवलेल्या स्वच्छ पाण्याच्या पिंपातच त्याचा डास वाढतो. आरोग्ययंत्रणेने कुठे किती पैसा घालायचा हे ठरवताना विषाणूच्या घडणीचा विचार व्हायला हवा, असं मी म्हणतो ते यासाठी.

साबणाची गोष्ट रेबीजपाशी सर्वांत कळीची ठरते. रेबीजचा विषाणू हा आवरण असलेला आरएनए विषाणूच. कुत्रा चावल्यावर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. जखमेतले कितीतरी विषाणू तिथल्या तिथे निकामी होतात. उरलेले स्नायूंतून चेतातंतूत शिरतात आणि मज्जारज्जूमार्गे मेंदूकडे सरकू लागतात. या प्रवासाला बहुधा काही आठवडे, कधी काही महिने लागतात, आणि तेवढ्या अवधीत लस प्रतिपिंडं तयार करू शकते. लुई पाश्चरने १८८५ च्या जुलैमध्ये चाव्यानंतर लस टोचली, ती याच अवधीच्या बळावर यशस्वी झाली. लक्षणं दिसू लागल्यावर मात्र जवळपास कुणीच वाचत नाही. जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसं रेबीजने मरतात आणि त्यांतला तिसरा हिस्सा तरी भारतात असतो, असा अंदाज आहे. आपल्याकडे अजूनही चाव्यावर हळद, तिखट, चुना भरला जातो. त्याने जखम चिघळते आणि धुण्याची वेळ निघून जाते. शंभर टक्के टाळता येणारा मृत्यू एका साबणाच्या वडीअभावी, एका लशीच्या डोसाअभावी घडतो, ही गोष्ट मला कधीच साधी वाटलेली नाही. वाचकांनी बाकी पुस्तक विसरलं तरी चालेल, हा परिच्छेद विसरू नये.

दुसरी बाब आरएनएची. माणसाच्या जनुकसंचात सुमारे ३०० कोटी अक्षरं आहेत; डेंग्यूच्या विषाणूत जेमतेम ११ हजार, इन्फ्लूएन्झात साडेतेरा हजारांच्या आसपास, करोनात ३० हजारांच्या जवळ. आपल्या पेशी डीएनएची नक्कल करताना चुका तपासून दुरुस्त करतात. आरएनएची नक्कल करणाऱ्या विषाणूंच्या विकरापाशी बहुधा ही सोय नसते. साधारण दहा हजार ते लाखभर अक्षरांमागे एक चूक राहून जाते, म्हणजे जवळपास प्रत्येक नव्या कणात काहीतरी वेगळं असण्याची शक्यता. बहुतेक चुका विषाणूलाच घातक ठरतात. क्वचित एखादी त्याच्या पथ्यावर पडते. करोनाविषाणूंनी मोठा मजकूर सांभाळण्यासाठी चुका तपासणारं एक विकर कमावलं आहे, तरी बदल त्यांनाही चुकलेले नाहीत, हे डेल्टा आणि ओमायक्रॉनने दाखवून दिलं.

एका अक्षराने काय होऊ शकतं याचं माझ्या मते सर्वांत बोलकं उदाहरण चिकुनगुनियाचं आहे. हा ताप भारतात १९६३ मध्ये कोलकात्यात ओळखला गेला. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत त्याची मोठी साथ आली, आणि मग तीसेक वर्षं तो जवळजवळ विस्मरणात गेला. २००५-०६ मध्ये तो परतला तेव्हा एकट्या २००६ सालात देशभरात तेरा लाखांहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत घरटी माणसं सांधे धरून बसली होती. त्याच सुमारास हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर या विषाणूच्या आवरणातल्या ई-१ प्रथिनात २२६ व्या जागी एक बदल आढळला: अ‍ॅलानिनच्या जागी व्हॅलिन. एवढ्याने विषाणू एडिस अल्बोपिक्टस या दुसऱ्या जातीच्या डासात कितीतरी पटींनी चांगला वाढू लागला. पुढे २००७ मध्ये केरळात हाच बदल सापडला, आणि तिथल्या रबराच्या मळ्यांत अल्बोपिक्टस मुबलक असतो. आवरणातल्या एका प्रथिनाची एक कडी बदलली आणि आजाराचा भूगोल बदलला.

इन्फ्लूएन्झाचा आरएनए आठ तुकड्यांत विभागलेला असतो, त्यामुळे त्याला याहून मोठी उडी मारता येते. एकाच पेशीत माणसाचा आणि पक्ष्याचा विषाणू शिरला, तर तुकड्यांची सरमिसळ होऊन तिसराच विषाणू बाहेर पडू शकतो. १९५७ आणि १९६८ च्या जागतिक साथी अशा अदलाबदलीतून आल्या. २००९ च्या स्वाइन फ्लूमध्ये डुक्कर, पक्षी आणि माणूस या तिघांच्या विषाणूंचे तुकडे होते. त्या साथीतला देशातला पहिला मृत्यू ऑगस्टमध्ये पुण्यात झाला आणि काही दिवसांत शहरातल्या शाळा आणि चित्रपटगृहं बंद झाली. पण या साऱ्यांपुढे १९१८ ची साथ फार मोठी आहे. ती जूनमध्ये मुंबईत उतरली आणि पावसाळा सरता सरता तिच्या दुसऱ्या लाटेने मुंबई इलाखा झोडपून काढला. भारतातल्या मृत्यूंचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली. डॉक्टर तेव्हा एका जीवाणूला दोषी धरत होते. माणसातला इन्फ्लूएन्झाचा विषाणू हाती लागायला १९३३ साल उजाडलं.

गोवर ही याच्या अगदी उलट बाजू. त्याचा आरएनएही चुकतो, पण त्याच्या आवरणावरची प्रथिनं बदल सहन करत नाहीत. बदलली तर विषाणूला पेशीत शिरताच येत नाही. त्यामुळे १९५४ मध्ये बॉस्टनजवळ एका शाळकरी मुलाकडून मिळवलेल्या विषाणूपासून घडलेली लस आजही जगभरच्या गोवराला रोखते. दोन डोस बहुतेकांना जन्मभर पुरतात. तरीही गोवर किरकोळ समजला जातो, याचं मला दुःख आहे. एक रुग्ण प्रतिकारशक्ती नसलेल्या बारा ते अठरा जणांना लागण करू शकतो. शिवाय तो प्रतिकारयंत्रणेच्या स्मृतिपेशींनाच खातो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लस न घेतलेल्या मुलांनी गोवरानंतर आधी कमावलेली ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं गमावल्याचं दिसलं. म्हणजे पूर्वी होऊन गेलेल्या आजारांपासूनचं संरक्षणही गोवर पुसून टाकतो. २०२२ च्या हिवाळ्याच्या तोंडावर मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांत गोवराने मुलं दगावली. कोविडच्या काळात चुकलेले डोस हे त्यामागचं एक मोठं कारण होतं.

या सगळ्या माहितीमागे माणसं आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी पुण्यातून काम केलं. १९५२ मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू केलं. १९७८ पासून आपण त्याला राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था म्हणून ओळखतो. स्मिथबर्न, केर आणि गटणे या तिघांनी १९५४ मध्ये भारतीयांच्या रक्तातल्या प्रतिपिंडांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात झिका या युगांडातल्या, तोवर जेमतेम सात वर्षं माहीत असलेल्या विषाणूचाही तपास होता, आणि काही नमुन्यांत त्याला जुळणारी प्रतिपिंडं मिळाली होती. २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण सापडला तेव्हा हा जुना निबंध पुन्हा वाचावासा वाटला.

केंद्राची खरी कसोटी १९५७ मध्ये लागली. शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरून पडू लागली आणि आसपासच्या गावांतली माणसं तापाने, रक्तस्रावाने आजारी पडू लागली. पुण्यात बातमी पोहोचली तेव्हा पहिला संशय पीतज्वराचा होता. दक्षिण अमेरिकेच्या जंगलांत पीतज्वर असाच आधी माकडं मारतो. भारतात पीतज्वर कधी आला नव्हता, पण तो पसरवणारा एडिस इजिप्ती डास इथे गावोगाव होता आणि प्रतिकारशक्ती कुणातच नव्हती. तो आला असता तर काय झालं असतं, याचा विचारही नको वाटतो. टेलफोर्ड वर्क, हॅरॉल्ड ट्रॅपिडो आणि त्यांचे भारतीय सहकारी जंगलात राहिले. त्यांनी मेलेल्या माकडांचे आणि रुग्णांचे नमुने घेतले, पालापाचोळ्यावरून कापड ओढून गोचिडी गोळा केल्या. हाती आलेला विषाणू पीतज्वराचा नव्हता. तो सैबेरियाच्या जंगलातल्या एका मेंदूज्वराच्या विषाणूचा नातलग निघाला, आणि त्याचं वाहन होतं हीमाफायसॅलिस जातीची गोचीड.

सैबेरियाचा नातलग सह्याद्रीच्या पायथ्याशी कसा आला? स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडींतून आला असावा, अशी शंका निघाली. ती तपासण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सालिम अलींच्या नेतृत्वाखाली पक्ष्यांना वळी घालून त्यांचा माग काढण्याची मोठी मोहीम हाती घेतली. ती शंका काही पक्की झाली नाही, पण भारतातल्या पक्ष्यांच्या स्थलांतराविषयी आज आपल्याला जे ठाऊक आहे त्यातला मोठा वाटा या मोहिमेचा. माकडांच्या तापाने पक्षिशास्त्राला असा हात दिला. पुण्याच्या प्रयोगशाळेत या विषाणूवर काम करणाऱ्या अनेकांना तोच ताप झाला, हेही इथे नोंदवलं पाहिजे. आजच्यासारख्या सुरक्षित प्रयोगशाळा तेव्हा नव्हत्या.

या तापाला आपल्या कोकणात माकडताप म्हणतात. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात तो पोहोचला. हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत गोचिडीची पिलं सर्वाधिक असतात आणि काजूचा हंगाम नेमका त्याच काळात येतो. बागेत आणि रानात वाकून बोंडू वेचणारा माणूस पाचोळ्यात हात घालतो. गुरं रानात चरायला जातात, त्यांच्या रक्तावर मोठ्या गोचिडी पोसल्या जातात. जंगल तुटून बागायत आत शिरते तशी माणूस, गुरं, माकड आणि गोचीड यांची गाठ वाढते. कर्नाटकात या आजारावर बरीच वर्षं एक जुनी लस दिली जात होती, तिचा प्रभाव कमी पडत असल्याने ती थांबली. आता आधार आहे तो गोचीडप्रतिबंधक मलमाचा, अंगभर कपड्यांचा आणि मेलेलं माकड दिसताच आरोग्यकेंद्राला कळवणाऱ्या गावकऱ्याचा. या शेवटच्या माणसाला मी या विषयातला एक संशोधकच मानतो.

लसींच्या इतिहासात आवरणाने शास्त्रज्ञांना फसवलंही आहे. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराविरुद्धची प्रतिपिंडं दुसऱ्या प्रकाराला अर्धवट चिकटतात, निकामी करत नाहीत, उलट त्याला प्रतिकारपेशींच्या आत पोहोचवतात. म्हणून दुसऱ्यांदा झालेला डेंग्यू अनेकदा जास्त गंभीर असतो. फिलिपाइन्समध्ये २०१६ पासून लाखो शाळकरी मुलांना डेंग्यूची लस दिली गेली. ज्यांना आधी डेंग्यू झालाच नव्हता त्यांना या लशीमुळे पुढे गंभीर आजाराचा धोका वाढतो, हे २०१७ च्या अखेरीस उत्पादक कंपनीनेच जाहीर केलं. त्यानंतर तिथल्या पालकांचा एकूणच लसींवरचा विश्वास उडाला आणि २०१९ मध्ये त्या देशात गोवराची मोठी साथ आली. एका विषाणूच्या आवरणाचा स्वभाव पुरता न कळल्याची किंमत दुसऱ्याच आजाराने वसूल केली.

एचआयव्हीवर लस आजही नाही. तो आपल्या आरएनएवरून डीएनए घडवून आपल्याच गुणसूत्रात जाऊन बसतो, आणि एकेका रुग्णाच्या शरीरात त्याची असंख्य रूपं असतात. पण त्याच्या चुकांचं हेच गणित त्याच्यावर उलटवता आलं. एका औषधाला दाद न देणारा बदल सहज घडतो. तीन वेगवेगळ्या औषधांना एकदम चुकवणारे बदल एकाच कणात जमून येणं फारच अवघड. म्हणून तीन औषधं एकत्र दिली जातात. मुंबईच्या सिप्ला कंपनीने २००१ मध्ये हे तिहेरी औषध वर्षाला ३५० डॉलरला देऊ केलं, जेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांचा भाव दहा हजार डॉलरच्या वर होता. आफ्रिकेतली लाखो माणसं त्यानंतर उपचारांच्या आवाक्यात आली. याचा मराठी वाचकाला अभिमान वाटावा. क प्रकारच्या काविळीची गोष्ट तर आणखी सुखाची: तोही आवरण असलेला आरएनए विषाणूच, त्याच्यावरही लस नाही, पण आता बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात.

करोनाच्या लसींकडे मी याच नजरेने पाहतो. काटेरी प्रथिन एकदा आकार बदललं की परत फिरत नाही, हे वर आलंच. लस म्हणून उपयोग हवा तो आकार बदलण्याआधीच्या रूपाचा. बार्नी ग्रॅहम, जेसन मॅक्लेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मर्स या करोनाच्याच कुळातल्या विषाणूवर काम करताना त्या प्रथिनात दोन जागी प्रोलिन बसवून ते मूळ रूपातच अडकवून ठेवलं आणि ती कृती २०१७ मध्ये प्रसिद्ध केली. तीन वर्षांनी महामारी आली तेव्हा ती तयार होती. कॅटलिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांनी त्याआधीच संदेशवाहक आरएनएमध्ये असा बदल केला होता की शरीर त्याला शत्रू समजून पेटून उठत नाही. २०२३ चं नोबेल त्यांना मिळालं. तो आरएनए पेशीपर्यंत न्यायचा कसा? मेदाच्या बारीक थेंबात गुंडाळून. आत आरएनए, बाहेर मेद. विषाणूची घडण माणसाने विषाणूविरुद्ध वापरली. पुण्याच्या जिनोव्हा कंपनीने याच तंत्राची, साध्या फ्रिजमध्ये टिकणारी लस घडवली आणि तिला २०२२ मध्ये तातडीच्या वापरासाठी मान्यता मिळाली.

सगळ्याच विषाणूंच्या वाट्याला एवढं लक्ष येत नाही. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण मी चांदीपुरा विषाणूला दिलं आहे. १९६५ मध्ये नागपूर भागातल्या तापाच्या साथीत पुण्याच्या केंद्रातल्या शास्त्रज्ञांना तो दोन रुग्णांच्या रक्तात मिळाला. बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा, रेबीजच्या कुळातला, अवघ्या पाच जनुकांचा हा विषाणू जवळपास चार दशकं शास्त्रीय कुतूहलाचाच विषय होता. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात ३२९ मुलं मेंदूज्वराने आजारी पडली, १८३ दगावली, आणि तपासात तो सापडला. त्याच वर्षी महाराष्ट्रातही मुलं गेली. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातमध्ये तो पुन्हा आला. सकाळी ताप, मग उलट्या आणि झटके, आणि एक-दोन दिवसांत बेशुद्धी, असा त्याचा वेग असतो. तो वालुमाशीतून येतो आणि वालुमाशी राहते मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्याच्या ओलसर कोपऱ्यात. त्याच्या आवरणावर एकाच जातीचं प्रथिन असतं, आणि तसं एकच प्रथिन या विषाणूच्या नातलगात, म्हणजे रेबीजमध्ये, लशीला पुरेसं ठरलं. प्रयोगशाळेत प्राण्यांवर त्या दिशेने काम झालेलं आहे. मुलांना देता येईल अशी लस मात्र अजून नाही, खास औषध नाही. ताप आणि झटके आलेल्या मुलाला पहिल्या काही तासांत अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात पोहोचवणं, आणि पाऊस सुरू होण्याआधी भिंतींच्या भेगा लिंपून कीटकनाशक फवारणं, एवढ्या दोन गोष्टी आज हातात आहेत. त्या कशा करायच्या, हे त्या प्रकरणात तपशिलाने दिलं आहे.